कानातलं जाड-बारीक

बाबा, तुमचं कानाचं ॲप बंद पडलं. गेल्या महिन्यात एका सकाळी उघडायला गेले, तर पडद्यावर एक बाई हात जोडून उभी होती. खाली लिहिलं होतं की तुमचा फोन आता फार जुना झाला आहे, यापुढे आमचं ॲप त्यावर चालणार नाही, आजवरच्या सोबतीबद्दल आभार. चित्रातली बाई हसत होती. माणसाला घराबाहेर काढताना इतकं गोड हसणारं कुणी मी आपल्या गावात फक्त निवडणुकीचा निकाल लागल्यावर पाहिलं आहे. मी बोट दाबलं, पुन्हा दाबलं, फोन बंद करून चालू केला, मागचं झाकण काढून बॅटरी पुसून बसवली. कारखान्यात अडलेल्या लूमला तुम्ही आधी एक टपली मारून बघायचात ना, तशी टपलीही मारून पाहिली. बाईचे हात जोडलेलेच.

मग नाक्यावरच्या मोबाईलवाल्याकडे गेले. त्याने फोन दोन बोटांत धरला, मेलेली पाल धरावी तसा. म्हणाला, "मॅडम, ये तो मेरे स्कूल के टाइम का है." मी म्हटलं, "तुझ्या शाळेचं राहू दे, ॲप चालू कर." तो म्हणाला, "ॲप ने सपोर्ट निकाल लिया. नया फोन लो, नया वाला डाल के देता हूँ." "आणि यात जे जमवून ठेवलंय ते?" "वो गया. सेटिंग फोन के साथ जाती है." सपोर्ट काढून घेतला, हे शब्द मी आजवर महापालिकेतल्या सत्तेबद्दल लेख लिहिताना वापरले होते. तेच एक दिवस माझ्या कानाला लागू होतील असं कधी वाटलं नव्हतं.

हो, माझ्या कानाला. तुम्हाला हे माहीत असायचं कारण नाही. तुम्ही गेल्यानंतर काही वर्षांनी माझंही सुरू झालं. आपली खोली कारखान्याच्या भिंतीला पाठ लावून होती, मी अभ्यास करायचे ती भिंतच थरथरायची. तेव्हा कौतुक वाटायचं, वही आपोआप सरकते म्हणून. आता कळतं की वही एकटी सरकत नव्हती. पण माझ्या कानाचं नंतर सांगते, आधी तुमच्या.

तुम्ही बहिरे आहात हे आपल्याच घरात कुणाला माहीत नव्हतं. याचं श्रेय तुमचं. तुम्ही जॉबर, बिघडलेली लूम ठीक करायला दिवसभर या मागावरून त्या मागावर फिरणारे. त्या खडखडाटात कोण कुणाशी आवाज काढून बोलणार? सगळे ओठांनीच बोलायचे. धोटा अडकला, सुताची कांडी संपली, चहा सांग, शेठ आला, सगळं नुसत्या ओठांवर. शाळेतून डबा द्यायला आले की मला वाटायचं इथली माणसं मासे आहेत, तोंडं हलतायत आणि आवाज नाही. पण शब्द मात्र मलाही कळायला लागले होते. घरी आलात तरी तुम्ही ओठच वाचत होता, आणि आम्ही समजत होतो की बाबा मान देऊन ऐकतात, तोंडाकडे बघून ऐकतात. शेजारच्या बायका आईला म्हणायच्या, तुझा नवरा बघ कसा लक्ष देऊन ऐकतो. आईची त्या वेळची ऐट मला अजून आठवते.

फसलात ते लोडशेडिंगमुळे. लाईट गेली की सगळ्या गावातले माग एकदम थांबायचे आणि भिवंडीला पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकू यायचा. कुणाचा तरी रेडिओ, कुणाचं पोर, गल्लीच्या टोकावरचं भांडण, सगळं जवळ यायचं. लोक ओट्यावर येऊन गप्पा मारायचे. अशा वेळी तुम्ही एकटे गप्प. आम्हाला वाटायचं, तुम्हाला अंधार आवडत नाही. मी मोठी होऊन लेख लिहायला लागले होते, तेव्हा एका संध्याकाळी आई स्वयंपाकघरातून विचारतेय, "वाढू का?" उत्तर नाही. "अहो, वाढू का?" नाही. मी ओट्यावरून आत येत म्हटलं, "आई, भिंतीला विचार, ती तरी हलेल." तेवढ्यात आईने मेणबत्ती लावली, तिच्या तोंडावर उजेड पडला, तिने पुन्हा विचारलं आणि तुम्ही लगेच म्हणालात, "वाढ की. इचारतेस काय?"

मला शंका आली. मग जवळ जाऊन मेणबत्ती फुंकली आणि अंधारात अगदी स्पष्ट म्हटलं, "बाबा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?" काही नाही. काडी ओढली. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "कशाला फुंकलीस गं बाय? चांगली जळत व्हती." तुम्ही दोघींच्या तोंडांकडे पाहिलंत, आणि पकडलेला माणूस हसतो तसे हसलात.

त्यानंतर आईने काय काय केलं ते तुम्ही विसरला असाल तर आठवण करून देते. लसणाचं तेल. मग कुणीतरी सांगितलं म्हणून अकलोलीच्या गरम कुंडात कान बुडवायला पाठवलं. कातडीला गुण येतो तर कानालाही येईल, तिथेही कातडीच असते, हा तिचा युक्तिवाद. तुम्ही गेलात, कान बुडवलेत आणि सर्दी घेऊन आलात. डॉक्टरने कानाचं मशीन सांगितलं तेव्हा मात्र तुम्ही अडून बसलात. "मशीननंच कान खाल्ला, आता तीच मशीन कानात बसवू? घरजावई करू तिला?" गावात लोक मला तोंडाळ म्हणतात, तरी असं वाक्य मला सुचलं नसतं. मला त्या वाक्याचा हेवा वाटला होता. पुढे एका लेखात ते मी माझं म्हणून वापरलं, तेही आताच सांगून टाकते.

तेव्हा लोक स्मार्टफोन घेऊ लागले होते. मी तुमच्यासाठी एक घेतला आणि त्यात ते ॲप घालून आणलं. साधं होतं. फोन समोर ठेवायचा, इयरफोन कानात घालायचे, समोरच्याचा आवाज फोनमधून मोठा होऊन कानात. तुम्हाला ते लगेच पटलं, कारण ते मशीन नव्हतं. फोन होता, आणि फोन काय, सगळ्यांच्या कानात असतो. नाक्यावर चहाला गेलात की ओळखीचे कारागीर विचारायचे, "क्या उस्ताद, कौन सा गाना चल रहा है?" तुम्हाला प्रश्न ऐकू आलेला असो नसो, तुमचं उत्तर ठरलेलं, "पुराना." सगळ्या नाक्यावर तुम्ही गाण्याचे शौकीन म्हणून प्रसिद्ध झालात. जन्मात एक ओळ न गुणगुणलेला माणूस.

त्या ॲपमध्ये आवाजाच्या पाच-सहा पट्ट्या होत्या, वर-खाली करायच्या. खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. तुम्ही विचारलंत, हे काय? मी म्हटलं, डावीकडून घोगरे आवाज, उजवीकडे गेलं की किनरे. तुम्ही मान हलवलीत, "म्हंजे जाड आणि बारीक. सुतासारखं." झालं, त्या दिवसापासून आपल्या घरात आवाज जाड किंवा बारीक झाले. जुळवलेल्या पट्ट्या नाव देऊन ठेवता यायच्या. तुम्ही सांगितलंत तशी नावं मी घातली: 'नाका', 'घर', 'आई', आणि माझ्यासाठी 'बाय'. पट्ट्या मात्र तुम्ही स्वतः लावल्यात, अंगठ्याने, डोळे मिटून, लूमच्या पट्ट्याचा ताण बघता तसे. आईला मुद्दाम बोलायला बसवलंत. ती बिचारी लाजून वाण्याची यादी म्हणून दाखवत होती, साखर, चणाडाळ, आणि तुम्ही म्हणत होता, "आणखी बोल. ग्वाड हाय." तिच्या आवाजाला तुम्ही काहीच कमी केलं नाहीत. सगळ्या पट्ट्या वर.

मग माझी पाळी. मी तेव्हा कुणावर तरी चिडलेलेच होते, त्याचंच बोलत बसले. तुम्ही उजवीकडची पट्टी खाली घेतलीत. आणखी खाली. तळाला नेऊन टेकवलीत. मी थांबले. "म्हणजे मी कर्कश?"

"न्हाय गं."

"मग बारीक सगळं का काढलंत?"

तुम्ही इयरफोन काढून हातात धरलेत. "तू बोलतेस ते खरं असतं, बाय. पन ते कानाला लागतं. लागलं का मानूस कान चोळीत बसतो, ऐकत न्हाय. मला ऐकायचंय."

मी उठून ओट्यावर गेले. दोन दिवस तुमच्याशी ओठांनीसुद्धा बोलले नाही. माझा धंदाच त्या टोकावर चालतो. लोक माझा लेख वाचतात तो कुणाला बोचलं हे बघायला, आणि इथे माझा बाप पहिल्याच झटक्यात ते टोक काढून ठेवतो. वर माझे लेख तुम्ही आईकडून वाचून घ्यायचात, तिच्या आवाजात, सगळ्या पट्ट्या वर करून. तिला जे आवडायचं नाही ते ती गाळायची, हेही मला ठाऊक आहे. म्हणून तर तुम्ही सगळ्यांना सांगत फिरायचात की आमची बाय फार प्रेमानं लिहिते. गावात तसं म्हणणारे तुम्ही एकटे होता.

तुम्ही गेलात. फोन कपाटात गेला. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की मी आईच्या तोंडाकडे बघून ऐकतेय. मी फोन बाहेर काढला, चार्ज केला, इयरफोन घातले. ॲप उघडलं ते 'बाय'वरच. तुम्ही शेवटचं कुणाचं ऐकत होता ते मला असं कळलं. मी ते बदलून 'आई' लावलं. समोर आई पलंगावर बसून शेंगा सोलत होती, आणि शेंग फुटल्याचा आवाज आला, बाबा. मी तो आवाज किती दिवसांनी ऐकत होते ते मलाच ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून तुमच्याच पट्ट्यांवर माझा संसार चालला. घरी 'आई', बाहेर 'नाका'. मी स्वतःची एकही लावली नाही, गरज पडली नाही. कुणी विचारलं, काय ऐकताय ताई, तर मी म्हणायचे, "जुनं." कुणाला कळू द्यायचं नव्हतं. वाचनालयात दर महिन्याला माझा कार्यक्रम असतो, लोक प्रश्न विचारतात आणि मी उलट उत्तरं देते. लोक येतात ते त्या उलट उत्तरांसाठी. उत्तराला एका श्वासाचा उशीर झाला की मजा गेली. बहिऱ्या बाईचा हजरजबाबीपणा कुणी ऐकायला येईल का? मला वाटत होतं, नाही. तुमच्या फोनवर माझं दुकान चाललं होतं.

म्हणून ॲप बंद पडलं तेव्हा मी आधी नवा फोन घेतला आणि त्यात नवं ॲप. ते फार हुशार निघालं. त्यात पट्ट्याच नाहीत. आपण काय ऐकायचं ते तेच ठरवतं, आणि सगळा गोंगाट काढून टाकतं. भिवंडीत आणून ठेवल्यावर ते गोंधळलंच असणार. पहिल्या दिवशी त्याने कारखाने काढले. मग रिक्षा काढल्या. संध्याकाळी त्याने आईला काढलं. ती समोर बसून बोलतेय आणि माझ्या कानात समुद्रकिनाऱ्यासारखी शांतता. आई शेवटी माझी हनुवटी धरून म्हणाली, "बापावर गेलीस. तो तरी फुकटात बहिरा व्हता."

या महिन्याच्या कार्यक्रमाला मी कानात काहीच न घालता गेले. म्हटलं, मी जॉबरची पोर आहे, ओठ वाचेन. पहिले तीन-चार प्रश्न व्यवस्थित गेले, पुढच्या रांगेतले होते. मग मागून एक बाई उठली. तिथली ट्यूब गेलेली, तिचं तोंड अंधारात. मला ऐकू आलं ते असं: "ताई, आमच्या आळीत गाणी कधी येणार, ते सांगा." मी म्हटलं, "गाणी कशाला हवीत? नळ उघडा, तो रोज गातो." हॉल फुटला. लोक टाळ्या वाजवत होते, कुणीतरी शिट्टी मारली, आणि मी खुर्चीत टेकून बसले, अजून जमतंय म्हणून. मागची बाई मात्र खाली बसली नाही, उभीच राहिली, टाळ्या थांबेपर्यंत.

कार्यक्रम संपल्यावर ती पुढे आली. माझ्याच वयाची असेल, पदर खोचलेला, बोटांना सुताचे काप. कांडी भरायच्या मशीनवर वर्षं काढलेल्या बायांचे हात मी ओळखते. उजेडात येऊन म्हणाली, "मी पानी मागितलं, तू गानी दिलीस. नगरसेवकाकडं शिकवणी लावलीस काय?"

पाणी. प आणि ग एवढाच फरक, आणि तो फक्त ओठांवर दिसतो. मी सवयीने काहीतरी टोचणारं बोलणार होते, तेवढ्यात तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग तिने आवाज बंद केला आणि नुसते ओठ हलवले: ऐकू येत नाय?

बाबा, तुमच्यानंतर पहिल्यांदा कुणी माझ्याशी त्या बोलीत बोललं. मी तसेच ओठ हलवले: नाही.

किती दिवस?

लई.

ती हसली, मोठ्याने, आवाज काढून. "मंग सांगावं की. आमच्यात निम्म्यांना येत न्हाय, माझा बी डावा गेलाय. लोकं हसली त्ये तुला वाटलं जोक झाला. आमच्याकडं आठ दिस नळाला थेंब न्हाय, म्हनून हसली. तू नळ गातो म्हनालीस, त्यो खरंच नुसती हवा गातो." आणि जाता जाता, "आता कान लाव आन् पान्याचं लिही."

मी पाण्याचं लिहिलं. पाणी आलं नाही, टँकर आला, त्याच्यासमोर फोटो काढून झाले. ते चालू राहील, मी सोडणार नाही. पण तिच्या वाक्यातला दुसरा भाग मला जास्त लागला. कान लाव. मी माझ्या अख्ख्या आयुष्यात माणसांच्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं ते जागा कुठे आहे ते ऐकून. ऐकू आलं नाही तर बोट कुठेही पडणार, आणि लोक तरीही टाळ्या वाजवणार. ही माझ्या धंद्याची सगळ्यात वाईट गोष्ट आहे. टाळ्यांवरून काही कळत नाही.

तर मी ते केलं जे तुम्ही केलं नाहीत. मशीनला घरजावई करून घेतलं. उजव्या कानात, आणि केस वर बांधून, दिसेल असं. पुढच्या कार्यक्रमात सुरुवातीलाच सांगणार आहे की मला कमी ऐकू येतं, प्रश्न नीट विचारा, आणि मागची ट्यूब बदला, नाहीतर वाचनालयावरच लिहीन. उत्तराला एक श्वास उशीर होईल. लोक थांबतील. न थांबायला जातील कुठे, गावात दुसरी कोण आहे?

मशीन बसवणारी मुलगी लहान होती, फार मऊ बोलत होती, प्रत्येक वाक्याला मॅडम. संगणकासमोर बसून म्हणाली, "मॅडम, आता काहीतरी बोला, म्हणजे स्वतःचा आवाज कसा येतो ते कळेल." मी म्हटलं, "किती वेळ लागणार आहे अजून?" आणि दचकले. मला वाटलं, दुसरी कुणीतरी बाई खोलीत आली आणि या पोरीवर खेकसली. मुलगी म्हणाली, "सुरुवातीला असं वाटतं मॅडम, सवय होईल." मी पुन्हा बोलून पाहिलं. तीच बाई. प्रत्येक शब्दाच्या शेवटी पत्रा कापल्यासारखा आवाज. पन्नाशी आली, आणि मी स्वतःला पहिल्यांदा तुमच्या कानांनी ऐकत होते.

मी विचारलं, "यात जाड-बारीक आहे का?"

"म्हणजे, मॅडम?"

"उजवीकडची पट्टी. बारीक आवाज. तो थोडा खाली घे."

तिने घेतला. "आता?"

"अजून थोडा." मग म्हटलं, "बास. तळाला नेऊ नकोस, पोटापाण्याचा प्रश्न आहे."

आईला घरी येऊन दाखवलं. ती म्हणाली, "बरं केलंस. आता तू हळू बोल, मला येतं ऐकू." तिचा आवाज तुम्ही लावला होता तसा येत नाही, कुठेतरी थोडा कोरडा येतो. शेंगा आणून ठेवल्या आहेत, ती सोलायला बसली की त्या मुलीला घरी बोलावून पट्ट्या पुन्हा लावून घेणार आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुम्हाला आईकडून वाचून घेण्याची सोय आता नाही, आणि ती गाळेल तेच वाक्य नेमकं महत्त्वाचं आहे. ते मी छापायला देणार नाही, वाचनालयात म्हणणार नाही, कुणाला ऐकू जाईल असं तर मुळीच बोलणार नाही. लाईट आहे. तुमच्या फोटोकडे तोंड केलंय, उजेड बरोबर चेहऱ्यावर येतोय. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हणते, वाचता आलं तर बघा: तुमची पट्टी बरोबर होती.